साडेआठशे ग्रॅम

"थांबा! तो कॉक उघडू नका!"

मी गच्चीवर कुरडया वाळत घालत होते, तिथूनच ओरडले. खाली अंगणात बाळू टेकाडेचा हात सिलिंडरच्या कॉकवर तसाच राहिला. शेजारी उभ्या असलेल्या मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, मान वर करून पाहिलं. लग्न होऊन मला चार महिने झाले होते. त्या चार महिन्यांत माझा आवाज स्वयंपाकघराच्या दाराबाहेर गेला नव्हता. आता तो निदान तीन घरांनी ऐकला असेल.

हातातला सोऱ्या तसाच ठेवून मी जिना उतरले. मे महिन्याचे दिवस, सकाळचे दहा वाजले होते आणि अकोल्यात फरशी पायाला चटके द्यायला लागली होती. खाली येईपर्यंत माझी हिंमत निम्मी झाली होती. पदर सारखा करून मी उभी राहिले.

"काय झालं?" मामाजींनी विचारलं.

"तो स्वयंपाकाचा गॅस आहे."

"मग?"

"तो गाडीच्या एसीत भरायचा नसतो."

बाळू हसला. आमच्या रस्त्याच्या टोकाला त्याचं गॅरेज होतं. इंजिनाचा आवाज ऐकून दुखणं सांगणारा माणूस, आणि मनानं सरळ. तो म्हणाला, "वहिनी, जुना गॅस आता भेटत नाही. सरकारनं बंद करत आणला. ह्या गाडीले चालते तो तोच व्हता. आता सारे हाच भरते. थंडा बी झक्कास करते."

"थंड करतो," मी म्हणाले. "पण पेटतोही. एसीची जाळी डॅशबोर्डच्या मागं असते, भाऊ. ती गळली तर हा गॅस सरळ बसणाऱ्यांच्या पायाशी येणार. काचा बंद. आणि मामाजी गाडीत विडी पेटवतात."

बोलून गेले आणि जीभ चावली. आत्याबाई, माझ्या सासूबाई, ओसरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"तुम्ही गाडीत विडी ओढता?"

"कोण म्हणते?" मामाजी म्हणाले.

"आताच म्हणाली ती."

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं, बाळूकडे पाहिलं, मग गाडीकडे पाहिलं. गाडीची राखेची डबी मी रोज पुसत होते, हे त्यांच्या लक्षात आलं असावं. मग त्यांनी विचारलं, "तुला काय माहीत एसीचं?"

"मी शिकले आहे. दोन वर्षं. आयटीआयला. फ्रीज आणि एसी दुरुस्ती."

हे मी त्या घरात पहिल्यांदाच बोलत होते. वीस मुलांच्या वर्गात मी एकटी मुलगी होते. लग्न ठरलं तेव्हा आईनं मला बजावलं होतं, "ते पान्हे-स्क्रू तिथं काही काढू नको. बँकेतल्या क्लार्कची मुलगी, बी.ए. झालेली, एवढं पुरे."

मामाजींचा चेहरा पाहण्यासारखा झाला. आत्याबाईंनी मात्र काहीच विचारलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "मग तू भरशील का?"

इथं गाडीबद्दल आणि घाईबद्दल सांगायला हवं. गाडी बोटीसारखी लांब, पांढरी, पंधरा वर्षांची. मामाजी पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते तेव्हा मुंबईच्या एका कंपनीच्या लिलावातून त्यांनी ती घेतली होती. गल्लीतले लोक तिला 'विमान' म्हणायचे. मामाजी तिला स्वतःच्या हातानं धूत. माझ्या नवऱ्याला, अविनाशलासुद्धा, ती चालवायची परवानगी नव्हती. तसाही तो धरणाच्या कामावर असायचा, घरी रविवारीच. गाडीचा एसी अकरा वर्षं बंद होता.

आणि आत्याबाईंना जायचं होतं माहेरी. कोरपन्याजवळच्या खेड्यात त्यांच्या थोरल्या भावाची पंचाहत्तरी होती, रविवारी. सहा भावंडं. भाऊ मास्तर होते, त्यामुळे घरातलं प्रत्येक कार्य मे महिन्याच्या सुटीत. दोन वर्षांपूर्वी आत्याबाई अशाच एका कार्याला एसटीनं निघाल्या आणि वणीच्या स्टँडवर उन्हानं कोसळल्या. तीन दिवस सलाइन. डॉक्टरांनी सांगितलं, उन्हाळ्यात प्रवास नाही, केलाच तर गार हवेत. रेल्वे त्या गावाला जात नव्हती. रात्रीचा प्रवास करावा तर मामाजींना अंधारात नीट दिसत नव्हतं. म्हणून बाळूला बोलावलं होतं. आज मंगळवार होता. शनिवारी पहाटे निघायचं होतं.

"ही? गाडीला हात लावणार?" मामाजी म्हणाले.

"बाळूच्या हातात देता आणि घरच्या माणसाच्या हातात देत नाही?" आत्याबाई म्हणाल्या आणि पुन्हा सूप उचललं.

मी "हो" म्हणाले खरी. फ्रीज मी बरेच उघडले होते. गाडीचा एसी आयुष्यात एकदाच, तोही वर्गात, टेबलावर मांडलेला.

बाळूला राग आला असता तर मला समजलं असतं. पण तो सिलिंडर सायकलला बांधून घेऊन गेला आणि अर्ध्या तासानं परत आला तो दाब दाखवणाऱ्या गेजचा संच आणि व्हॅक्यूम पंप घेऊन. "वहिनी, माह्याकडे हे पडून हाये. मले वापरता येत नाही. मले बी दाखवा कसं करते ते."

नवा गॅस बाजारात आलेला होता. तो पेटत नाही. पण जुन्या गाडीत तो नुसता ओतून भागत नाही. जुन्या गॅससोबत कॉम्प्रेसरमध्ये जे तेल फिरायचं, त्यात हा मिसळत नाही. म्हणजे तेल एकीकडे साचतं आणि कॉम्प्रेसर कोरडा पडून जाम होतो. तेव्हा आधी जुनं तेल काढायचं, नळ्या धुवायच्या, प्रत्येक जोडातली रबराची रिंग बदलायची, ओल शोषणारी ड्रायरची डबी नवी बसवायची. मी यादी लिहून दिली, बाळूनं स्टेशनजवळच्या दुकानातून सगळं आणलं.

मंगळवारची दुपार आणि बुधवार अख्खा त्यात गेला. मामाजी खुर्ची टाकून समोर बसले होते. मी नट सैल करायला लागले की ते म्हणायचे, "हळू." दुसरा नट, पुन्हा, "हळू." जुनं तेल बशीत काढलं तेव्हा ते डांबरासारखं काळं निघालं. मामाजी उठून जवळ आले, वाकून पाहिलं आणि म्हणाले, "हे होतं आत?" त्यानंतर त्यांनी "हळू" म्हणणं बंद केलं.

अंगणाच्या भिंतीपलीकडून शेजारच्या बायका डोकावून जायच्या. एकीनं आत्याबाईंना विचारलं, "सून काय करून राहिली जी?" आत्याबाई म्हणाल्या, "एसी." जणू मी भाजी चिरत होते.

गुरुवारी सकाळी पंप लावला. नळ्यांतली सगळी हवा आणि ओल ओढून काढायची, मग पंप बंद करून बघायचं की गेजची सुई जागेवर राहते का. ती राहिली. तासभर राहिली. मी बॉनेटच्या आतली पाटी पुसून वाचली. गॅस एक किलो, असं लिहिलं होतं. नव्या गॅसचे डबे एकामागून एक लावले आणि डब्यांवरच्या आकड्यांचा हिशेब करून एक किलो भरला.

मामाजींनी इंजिन चालू केलं. मी डॅशबोर्डवरच्या झरोक्यासमोर हात धरला. गार! खरोखर गार वारा आला. बाळूनं टाळी वाजवली. आत्याबाई ओसरीवरून उठून आल्या, दार उघडून मागच्या सीटवर बसल्या आणि डोळे मिटले.

दहा मिनिटं झाली असतील. "पोरी," आत्याबाई आतून म्हणाल्या, "हे आता गरम येते."

मी हात धरला. भट्टीतून यावी तशी हवा येत होती. बॉनेट उघडून पाहिलं तर एका गेजची सुई लाल रेषेपलीकडे चढलेली आणि कॉम्प्रेसर बंद पडलेला. इंजिन बंद केलं, थोड्या वेळानं पुन्हा चालू केलं. पुन्हा दहा मिनिटं गार, पुन्हा गरम. गळती असेल म्हणून मी प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावला. कुठंही बुडबुडा नाही.

दुपारी दोनला मी पायरीवर बसले. हात कोपरापर्यंत काळे, डोक्यावरचा पदर कधीच खांद्यावर आलेला. मामाजी काही टोचून बोलले असते तर बरं वाटलं असतं. ते नुसते म्हणाले, "जाऊ दे. झालं तेवढं झालं." आत जाऊन त्यांनी आत्याबाईंना सांगितलेलंही मला ऐकू आलं, "फोन करून कळवून टाकू त्यांना. येत नाही म्हणून."

आत्याबाईंचं उत्तर ऐकू आलं नाही. कधी नव्हे ते त्या गप्प बसल्या होत्या. मी उठले, हात धुतले आणि फोनपाशी गेले. खामगावला आयटीआयचे आमचे काझी सर राहत. नंबर अजून पाठ होता.

"सर, मी ज्योत्स्ना. एकोणीसशे नव्व्याण्णवची बॅच."

"बोल बेटा. कुठं अडली?"

त्यांनी कशी आहेस, कुठं असतेस, काहीही विचारलं नाही. मी सगळं सांगितलं. सर ऐकत होते. मग म्हणाले, "गॅस किती भरला?"

"पाटीवर लिहिला होता तेवढा. एक किलो."

"पाटी कोणत्या गॅसची?"

माझी नजर अंगणातल्या उघड्या बॉनेटकडे गेली.

"ज्योत्स्ना? पाटी कोणत्या गॅसची?"

"जुन्या, सर."

"आणि भरला कोणता?"

"नवा."

"मग?" सर हसले. "नवा गॅस कमी लागतो. शंभराच्या जागी ऐंशी-पंच्याऐंशी. जास्त झाला म्हणून दाब चढते, दाब चढला की कॉम्प्रेसर आपला जीव वाचवायला बंद पडते. बिचाऱ्याची काय चूक? सगळा काढ. पुन्हा व्हॅक्यूम कर. साडेआठशे भर, तोलून. अंदाजानं नाही. आणि रेडिएटरपुढची जाळी धुतली का?"

"नाही."

"पंधरा वर्षांचे किडे बसले असतील तिच्यात. धू आधी."

फोन ठेवला तेव्हा मामाजी दारात उभे होते. किती ऐकलं होतं कोण जाणे. म्हणाले, "कोणती जाळी?"

ती जाळी मामाजींनीच धुतली. धोतर खोचून, पाण्याची नळी आणि जुना दात घासायचा ब्रश घेऊन ते रेडिएटरच्या पुढं उकिडवे बसले आणि दीड तास उठले नाहीत. निघालेली माती, पिसं आणि टोळांचे पाय त्यांनी बाळूला बोलावून दाखवले. खात्यात असताना एखाद्या ठेकेदाराची चोरी पकडल्यावर त्यांचा चेहरा असाच होत असणार.

संध्याकाळपर्यंत भरलेला गॅस काढून पुन्हा पंप लावून झाला, बाळूनं नवे डबेही आणले, पण तोलायचा प्रश्न होता. साडेआठशे ग्रॅम मोजायचे कशावर? बाळूकडे काटा नव्हता. आत्याबाईंनी चपला घातल्या आणि समोरच्या किराणा दुकानात गेल्या. परत आल्या तेव्हा दुकानदार स्वतः तागडी उचलून त्यांच्या मागं चालत होता आणि वजनांची पेटी आत्याबाईंच्या हातात होती.

शुक्रवारी सकाळी आमच्या अंगणात जे दृश्य होतं त्याचा फोटो कुणी काढला नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. स्टुलावर तागडी. एका पारड्यात गॅसचा डबा, दुसऱ्यात वजनं. डब्याची नळी तागडीला ओढू नये म्हणून मामाजी ती दोन बोटांत वर धरून, श्वास रोखून उभे. बाळू गाडीत बसून इंजिनाचा वेग सांभाळतोय. मी कॉक हळूहळू उघडतेय. डबा हलका झाला की पारडं वर जायचं, आणि आत्याबाई एक वजन काढून मोठ्यानं सांगायच्या, "पन्नास गेले! आणखी पन्नास गेले!" एक डबा संपला, दुसरा लावला. किराणा दुकानदार फाटकात उभा राहून आत्याबाईंना सांगत होता, "काकू, काटा स्थिर होऊ द्या."

"साडेआठशे!" आत्याबाई म्हणाल्या. मी कॉक बंद केला.

दोन्ही सुया चढल्या आणि मधोमध थांबल्या. दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. आत्याबाई मागच्या सीटवर जाऊन बसल्या होत्या, काचा बंद. वीस मिनिटांनी मी काचेवर टकटक केली. उत्तर नाही. दार उघडलं तर आतून पहाटेसारखा गारवा अंगावर आला. आत्याबाई मान मागं टाकून घोरत होत्या.

"उठवू का?" मी विचारलं.

मामाजींनी घड्याळ पाहिलं, पेट्रोलचा काटा पाहिला. "राहू दे," ते म्हणाले. "झोपू दे तिला." आणि विडी ओढायला फाटकाबाहेर, रस्त्यावर गेले.

शनिवारी पहाटे पाचला निघालो. मला पुढं बसवलं होतं, गेजवर नजर ठेवायला म्हणून. गाडीत गेज नव्हताच, पण मामाजींना ते सांगायची माझी इच्छा झाली नाही. कारंजा, दारव्हा, यवतमाळ मागं पडलं. यवतमाळनंतर बाहेर उन्हाच्या झळा दिसायला लागल्या. रस्त्यावर माणूस नव्हतं. आत आत्याबाईंनी शाल मागितली. मामाजींनी आरशातून त्यांच्याकडे पाहिलं आणि दोन वेळा गाडी थांबवून, बाहेर उन्हात उभं राहून, विडी ओढली. वणीच्या स्टँडसमोरून जाताना आत्याबाईंनी काच खाली केली, हात बाहेर काढून ऊन किती आहे ते पाहिलं, आणि काच वर केली.

गावात पोचलो तेव्हा बारा वाजले होते. पाचही भावंडं अंगणातल्या मांडवात बसली होती. बहीण येणार नाही असंच सगळ्यांनी धरलं होतं, कारण फोनवर कळवलेलं नव्हतं आणि ऊन तर सगळ्यांना दिसत होतं. आत्याबाई गाडीतून उतरल्या त्या खांद्यावर शाल घेऊन. त्यांचे थोरले भाऊ, पंचाहत्तरीचे मास्तर, उठून पुढं आले आणि आधी त्यांनी ती शालच हातात धरून पाहिली. "चंद्रकला, बेचाळीस डिग्रीत शाल?" म्हणाले, आणि तिथंच रडायला लागले. त्यांना पाहून बाकीचे चौघं रडले. आत्याबाई मात्र रडल्या नाहीत. म्हणाल्या, "दादा, आधी गाडीत बसून पाहा."

मग रांग लागली. मास्तर बसले, त्यांच्या पत्नी बसल्या, दोन शेजारी बसले, गावचे सरपंच बसले. मामाजी दाराशी उभे राहून प्रत्येकाला सांगत होते, "जुन्या गॅसची गाडी आहे. सुनेनं नव्या गॅसवर आणली. तेल बदलावं लागते. नुसता भरून जमत नाही." रिंगा किती बदलल्या हेही सांगत होते. मी मोजल्या नव्हत्या, त्यांनी मोजल्या होत्या.

संध्याकाळी उन्हं उतरल्यावर मी आणि आत्याबाई विहिरीच्या कट्ट्यावर बसलो होतो. मी म्हणाले, "तुम्हाला नवल नाही वाटलं? मी आयटीआय केलंय म्हणाले तेव्हा?"

"नाही."

"का?"

"मला माहीत होतं." त्यांनी पाय पाण्याच्या कुंडीत सोडले. "तुझ्या बाबांनी पाठवलेल्या स्थळाच्या कागदावर एक ओळ खोडली होती. चांगली दोन-तीनदा गिरवून. मी म्हटलं, एवढं खोडायसारखं काय असेल? खिडकीत उजेडाला धरला कागद. वातानुकूलन आणि प्रशीतन, असं काहीतरी होतं. मला कळलं नाही, म्हणून अविनाशला विचारलं. तो म्हणाला, फ्रीज-एसीचं काम. मी म्हटलं, हीच."

"म्हणजे गाडीसाठी?"

"सात स्थळं होती. सगळ्याच पोरी स्वयंपाक करत होत्या." त्या हसल्या. "चार महिने वाट पाहिली तुझी. तू भाजीत मीठ किती, हेसुद्धा मला विचारून टाकायची. शेवटी बाळूला म्हटलं, गाडी गॅरेजला नेऊ नको, अंगणात कर. अन् तुला कुरडया घालायला गच्चीवर पाठवलं. तो असा गॅस आणेल हे मात्र मला माहीत नव्हतं बरं."

"तुम्ही सरळ विचारायचं ना मला."

"विचारलं असतं तर तू काय म्हणाली असती?"

मी विचार केला. नाही येत, म्हणाले असते. फ्रीजचं येतं थोडं, गाडीचं नाही, असं म्हणून आत गेले असते.

आत्याबाई पाण्यात पाय हलवत होत्या. मग म्हणाल्या, "अकोल्यात अशा जुन्या गाड्या किती असतील गं?"

"असतील शंभर-दीडशे. जास्तही असतील."

मामाजी मांडवाकडून आमच्याच दिशेनं येत होते. आत्याबाईंनी त्यांना लांबूनच हाक मारली, "अहो, बाळूच्या गॅरेजशेजारचं ते शटर रिकामं आहे ना? एकदा विचारून पाहता का?"

मामाजी जवळ आले आणि कट्ट्यावर टेकले.

"काल संध्याकाळीच पाहून आलो," ते म्हणाले. "उत्तरेकडे तोंड आहे. दिवसभर सावली राहते. फक्त उंबरठा थोडा फोडावा लागेल, गाडी आत घ्यायला."